त्वचेवरचा दाह आणि स्वयंप्रतिकार विकार : चट्ट्याच्या पलीकडे केव्हा पाहावे?

शिशिरा :

मला गेली अकरा वर्षे सोरायसिस आहे. कोपर, गुडघे आणि डोक्याची त्वचा एवढ्यापुरताच तो राहिला, मलमांनी कमी होत राहिला आणि पुन्हा येत राहिला, त्यामुळे हा आपल्या कातडीचा प्रश्न आहे अशी मनाची समजूत घालून मी त्याच्याबरोबर जगायला शिकले. गेल्या पाच महिन्यांपासून मात्र सकाळी उठल्यावर उजवी टाच जमिनीवर टेकवत नाही. सुमारे तासभर चालल्यावर ती मोकळी होते. चप्पल बदलली, टाच गरम पाण्यात बुडवून शेकली, विश्रांती घेतली. विश्रांतीने तर दुखणे उलट वाढले.

मागच्या आठवड्यात नेहमीच्या तपासणीला गेले असताना त्वचारोगतज्ज्ञांनी माझे लंगडणे पाहिले, कारण विचारले आणि लगेच हातांची नखे उजेडात धरून पाहिली. हे दुखणे आधी का सांगितले नाही, असे त्यांनी विचारले. टाच ही त्वचेच्या डॉक्टरांना सांगायची गोष्ट असते, हे मला कधी सुचलेच नव्हते. आता संधिवाततज्ज्ञांकडे जायचे आहे.

म्हणून येथील जाणकारांना आणि ज्यांनी हे भोगले आहे त्यांना विचारते. सोरायसिस हा स्वयंप्रतिकार विकार आहे का? त्वचेवरच्या आणखी कोणत्या दाहांचे धागे शरीरात आतपर्यंत गेलेले असतात? आणि ज्याच्या त्वचेवर चट्टा आहे त्याने कधी आत शोध घ्यावा, कधी निश्चिंत राहावे?

पाणवठा :

शिशिराताई, तुमचा पहिला परिच्छेद वाचताना मला माझीच गोष्ट वाचल्यासारखे वाटले. माझ्या बाबतीत टाच नव्हती, पायाचे बोट होते. एका सांध्याला सूज येते तसे ते नव्हते. मुळापासून टोकापर्यंत अख्खे बोट फुगून लाल झाले होते. आधी मार लागला असेल म्हणून पट्टी बांधली. मग युरिक ॲसिड वाढले असेल म्हणून ती तपासणी झाली. शेवटी संधिवाताची तपासणी म्हणून रक्तातील ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (काही संधिवातांत सापडणारे प्रतिपिंड) पाहिला, तो निगेटिव्ह आला, आणि 'तुम्हाला संधिवात नाही' असे मला सांगण्यात आले. त्या एका वाक्यामुळे माझी दोन वर्षे गेली आणि त्या बोटाचा एक सांधा कायमचा वाकडा झाला.

सोरायसिसमुळे होणाऱ्या संधिवातात तो घटक बहुतेक वेळा निगेटिव्हच असतो, हे मला नंतर कळले. २००६ साली या आजारासाठी जे निकष ठरले, त्यांत तर तो निगेटिव्ह असणे हाच निदानाच्या बाजूने धरला जाणारा एक मुद्दा आहे. त्याबरोबर नखांतील बदल, अख्ख्या बोटाची सूज, स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात सोरायसिस असणे आणि एक्स-रेमध्ये दिसणारी हाडाची विशिष्ट नवी वाढ, एवढे पाहिले जाते. सुरुवातीच्या काळात एक्स-रे स्वच्छ असू शकतो, त्यामुळे केवळ त्यावर समाधान मानू नका.

एक विचारतो. तुमच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे आहेत का?

शिशिरा :

आहेत. तीन बोटांना आहेत, आणि एका नखाखाली तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळसर डाग आहे. मी ते कॅल्शियमच्या कमतरतेचे लक्षण समजत होते.

वैद्यलेखणी :

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. येथे कोणाचे निदान करणार नाही, परंतु धाग्यातील मूळ प्रश्न महत्त्वाचा असल्याने सविस्तर लिहितो.

दाह म्हणजे प्रतिकारसंस्थेने एखाद्या ठिकाणी उभारलेली लढाई. ती जंतूविरुद्ध असेल तर तो संसर्ग झाला. समोर जंतू नसताना, आपल्याच शरीरातील एखाद्या घटकाला परका समजून प्रतिकारसंस्थेने लढाई पुकारली, तर तो स्वयंप्रतिकार विकार. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे पेम्फिगस. त्वचेच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून ठेवण्याचे काम डेस्मोग्लीन नावाची प्रथिने करतात. पेम्फिगसमध्ये शरीर या प्रथिनांविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते, पेशींची एकमेकींवरची पकड सुटते आणि त्वचेवर, अनेकदा तोंडातही, सहज फुटणारे फोड येतात. येथे शत्रू कोण मानला गेला, शस्त्र कोणते आणि हानी कशी झाली, हे सगळे बोट ठेवून दाखवता येते. स्टिरॉइड येण्यापूर्वी हा आजार बहुतेक वेळा प्राणघातक ठरत असे.

सोरायसिसमध्ये चित्र इतके सरळ नाही. निरोगी त्वचेत खालच्या थरात जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास काही दिवसांत उरकतो, म्हणून खपल्यांचा ढीग साचतो. बराच काळ हा पेशींच्या वाढीचाच दोष मानला जात होता. १९७९ साली सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सांध्यांच्या आजारासाठी दिले जात असताना रुग्णांची त्वचाही स्वच्छ होत असल्याचे लक्षात आले, आणि दोषाचे मूळ प्रतिकारसंस्थेच्या टी-पेशींत असल्याचा विचार बळावला. आज आपल्याला ठाऊक आहे की इंटरल्युकिन-२३ आणि इंटरल्युकिन-१७ हे निरोप्याचे काम करणारे रेणू या आजाराच्या केंद्रस्थानी आहेत. काही रुग्णांत त्वचेतील एलएल-३७ सारख्या स्वतःच्याच घटकांविरुद्ध टी-पेशी सापडल्या आहेत, तरी सर्व रुग्णांना लागू पडेल असा एकच स्व-घटक दाखवता येत नाही. म्हणून मी रुग्णांना 'प्रतिकारसंस्थेच्या बिघाडातून होणारा आजार' असे सांगतो. शब्द कोणताही वापरला, तरी हे बिघडलेले निरोप रक्तातून सर्वत्र फिरतात आणि स्नायुबंध जेथे हाडाला चिकटतो त्या जागी, म्हणजे टाचेच्या मागे आणि तळाशीही, दाह निर्माण करू शकतात, हे मात्र पक्के आहे.

इसबाची गोष्ट वेगळी. तेथे त्वचेची भिंतच अनेकदा कमजोर असते. फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि इसब यांचा संबंध २००६ साली स्पष्ट झाला. इसब असलेल्या व्यक्तीने आपल्याला ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांवर हल्ला करणारा स्वयंप्रतिकार विकार) किंवा संधिवात होईल या भीतीत राहण्याचे कारण नाही. तेथे दमा आणि नाकाची ॲलर्जी यांच्याकडे लक्ष द्यावे.

अबोली :

डॉक्टर, एका वाक्यात उत्तर द्याल का? स्पर्शाने यातले काही पसरते का? माझ्या भाचीला शाळेत कोणी शेजारी बसू देत नाही.

वैद्यलेखणी :

नाही. सोरायसिस, कोड, ल्युपस, पेम्फिगस, इसब, यांपैकी काहीही स्पर्शाने, कपड्यांतून किंवा एकत्र जेवण्याने पसरत नाही. जागतिक आरोग्य सभेने २०१४ साली सोरायसिसबद्दलचा ठराव संमत केला, त्यात हा आजार असंसर्गजन्य असल्याचे नमूद आहे आणि रुग्णांच्या वाट्याला येणाऱ्या तुच्छतेच्या वागणुकीचीही दखल घेतली आहे. शाळेला उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र देता येते. ते मागून घ्या आणि शिक्षकांनी ते वर्गात मोठ्याने समजावून सांगावे असा आग्रह धरा.

रानवारा :

मी ल्युपसबद्दल लिहिते, कारण माझ्या आजाराची पहिली पाटी चेहऱ्यावरच लागली होती.

दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर लाली आली. उन्हात गेले की ती पेटायची. कोणीतरी सुचवलेले एक मलम मी सात-आठ महिने लावत राहिले; त्यात स्टिरॉइड होते हे मला ठाऊक नव्हते. मलमाने लाली दबायची, त्यामुळे आजार बरा होतो आहे असे वाटायचे. त्याच काळात केस गळत होते, तोंडात न दुखणारे व्रण येत होते, बोटांचे सांधे सकाळी आखडत होते, आणि या चारही गोष्टींसाठी मी चार वेगवेगळ्या ठिकाणी जात होते. लघवीला फेस येऊ लागला तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी पहिल्यांदा सगळे एका कागदावर लिहिले. तोवर मूत्रपिंडाला सूज आली होती.

नंतर मी वाचत गेले. 'ल्युपस' म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. चेहऱ्यावरचे जुने, खात जाणारे व्रण पाहून वैद्यांनी हे नाव दिले होते. १८५१ साली फ्रान्समध्ये काझनाव्ह यांनी 'ल्युपस एरिथेमाटोसस' हे नाव वापरले आणि १८७२ साली व्हिएन्नामध्ये कापोसी यांनी हा आजार त्वचेपुरता राहत नाही, ताप, सांधेदुखी आणि आतील अवयवांचा त्रासही त्यात असतो, हे मांडले. दोघेही त्वचेचे डॉक्टर होते. एवढ्या वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट माझ्यापर्यंत पोचायला चार दारे ठोठवावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

ओळखण्याची एक खूण सांगते. ल्युपसची गालांवरची लाली बहुधा नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी सोडून देते. कोंड्याच्या प्रकारातील दाहात नेमकी तीच घडी लाल आणि खवलेदार होते. अर्थात खूण म्हणजे निदान नव्हे.

काटेकोर :

रानवाराताई, तुम्ही जे सोसले त्याबद्दल मनापासून सहानुभूती आहे. तरीही या धाग्याचे वळण पाहून मला एक विरोधी मत नोंदवावेसे वाटते.

माझ्या पत्नीच्या अंगावर दोन महिने पित्त उठत होते. 'स्वयंप्रतिकार असेल' या शंकेने एएनए (पेशींच्या केंद्राविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी रक्ततपासणी) झाली आणि ती १:८० या पातळीला, म्हणजे रक्ताचा नमुना ऐंशीपट पातळ करूनही, पॉझिटिव्ह आली. त्यानंतरचे वर्ष आम्ही ल्युपसच्या छायेत काढले. तिला दुसरे एकही लक्षण नव्हते. पुढे पित्तही थांबले. पुष्कळ वाचल्यावर मला कळले की १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांपैकी सुमारे ३२ टक्के लोक १:४० ला, १३ टक्के लोक १:८० ला आणि ५ टक्के लोक १:१६० ला पॉझिटिव्ह आढळले होते. म्हणजे शंभर धडधाकट माणसे रांगेत उभी केली तर त्यांतल्या तेराजणांना आमच्यासारखाच कागद हातात मिळेल. ल्युपस मात्र त्या तेरांतल्या एखाद्यालाही असेल असे नाही.

त्वचेच्या प्रत्येक चट्ट्याच्या मागे आतला आजार आहे, असे सांगणे म्हणजे हजारो घरांत निष्कारण भीती पेरणे आहे. मी तपासणीच्या विरोधात नाही, उद्देश न ठरवता केलेल्या तपासणीच्या विरोधात आहे.

रानवारा :

तुमचे आकडे मी नाकारत नाही. पण दोन अनुभवांची किंमत सारखी नाही. तुमच्या घरी एक वर्ष काळजीत गेले, माझ्या मूत्रपिंडाचे नुकसान भरून निघालेले नाही. 'उगाच घाबरू नका' हेच वाक्य मला चारही ठिकाणी ऐकवले गेले होते.

वैद्यलेखणी :

तुम्हा दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि दोन्ही चुका मुळात एकच आहेत असे मला वाटते. रानवाराताईंची लक्षणे कोणी एकत्र मांडली नाहीत. काटेकोर यांच्या घरी लक्षणे नसताना कागद एकटाच बोलू लागला. एएनए निगेटिव्ह असेल तर ल्युपस असण्याची शक्यता फार कमी होते, हा त्या तपासणीचा खरा उपयोग. २०१९ सालच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात किमान १:८० ही पातळी प्रवेशाची अट आहे, पण प्रवेश मिळाला म्हणून आजार ठरत नाही. त्यानंतर त्वचा, सांधे, रक्तपेशी, मूत्रपिंड, विशिष्ट प्रतिपिंडे यांचे गुण मोजून बेरीज किमान दहा व्हावी लागते.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. उन्हाने पेटणारी लाली, न दुखणारे तोंडातील व्रण, थंडीत बोटे पांढरी-निळी पडणे, सकाळी सांधे आखडणे, अकारण ताप किंवा थकवा, यांतील काही चट्ट्याच्या जोडीला असेल तरच एएनए पाहतो. आणि त्याच दिवशी साधी लघवीची तपासणी करतो व रक्तदाब मोजतो. ल्युपसच्या सुमारे ४० टक्के रुग्णांत पुढे-मागे मूत्रपिंड गुंतते आणि सुरुवातीला ते मुळीच दुखत नाही. लघवीतील प्रथिने शोधणारी ही साधी तपासणी एएनएपेक्षा कितीतरी अधिक वेळा वेळेवर सावध करते.

अंगावर पित्त उठणे सहा आठवड्यांहून अधिक टिकले तर त्याला दीर्घकालीन म्हणतात. त्याचा संबंध थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांशी अधिक दिसतो. मात्र एकेक गांधी २४ तासांहून जास्त काळ एकाच जागी राहत असेल, खाजेपेक्षा दुखत असेल आणि जाताना निळसर डाग मागे ठेवत असेल, तर ते साधे पित्त समजू नये. तेथे रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो आणि बायॉप्सी करावी लागते.

काटेकोर :

'कागद एकटाच बोलू लागला' हे पटले. माझ्या पहिल्या प्रतिसादातील सूर थोडा कठोर झाला असेल तर रानवाराताईंची क्षमा मागतो.

दूरचा_प्रवासी :

मला सोरायसिस आहे आणि कोवळ्या उन्हाने तो निश्चित कमी होतो. येथे उन्हाला शत्रू ठरवले जात आहे म्हणून लिहिले.

वैद्यलेखणी :

हा फरक फार महत्त्वाचा आहे. सोरायसिसच्या बहुतेक रुग्णांना अतिनील किरणांचा फायदा होतो; ३११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांनी उपचार करण्याची पद्धत त्यावरच उभी आहे. तेच किरण ल्युपसमध्ये त्वचेच्या पेशी मारतात, मेलेल्या पेशींतील केंद्रद्रव्य बाहेर पडते आणि प्रतिकारसंस्थेला नेमके त्याच्याविरुद्धच चिथावणी मिळते. त्यामुळे निदान निश्चित होण्यापूर्वी 'चट्ट्याला ऊन दाखवा' हा सल्ला कोणी कोणाला देऊ नये. अतिनील किरणांतील लांब तरंगलांबीचा भाग खिडकीच्या साध्या काचेतून आत येतो, हेही ल्युपसच्या रुग्णांनी लक्षात ठेवावे. आणि सोरायसिसच्या रुग्णांनीसुद्धा त्वचा भाजेपर्यंत उन्हात बसू नये. भाजलेल्या किंवा खरचटलेल्या जागी नवे चट्टे उमटतात. कोबनर यांनी १८७२ साली हे दाखवून दिले होते.

मोरपीस :

आतापर्यंतच्या अनेक प्रतिसादांत 'लाल' किंवा 'लाली' हा शब्द आला आहे. माझी त्वचा गडद आहे आणि माझ्या त्वचेवर लाली दिसतच नाही. माझे सोरायसिसचे चट्टे जांभळट-करडे होते, त्यांवरच्या खपल्या राखेसारख्या होत्या, आणि पुस्तकातील गुलाबी चित्राशी जुळत नाहीत म्हणून तीन वर्षे बुरशी समजून त्यांवर उपचार झाले. चट्टे बरे झाल्यावरही काळे डाग अनेक महिने राहतात. ते पाहून आजार तसाच आहे असे समजून मी औषध लावतच राहिले. आजार जिवंत आहे की फक्त डाग उरला आहे, हे हाताने कळते, असे मला नंतर शिकवण्यात आले. जाडी आणि खवले असतील तर आजार आहे. सपाट आणि मऊ असेल तर तो मागे राहिलेला रंग आहे.

गडद त्वचेच्या वाचकांनी 'लाल' या शब्दाच्या जागी 'आजूबाजूपेक्षा वेगळा, जांभळट, तपकिरी किंवा करडा' असे वाचावे, अशी विनंती आहे.

वैद्यलेखणी :

मोरपीस, हे मीच आधी लिहायला हवे होते. शब्दशः अनुमोदन.

अनुस्वार :

माझा अनुभव जरा वेगळ्या वाटेचा आहे. दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर आणि बैठकीच्या जागी समान पद्धतीने बारीक फोडांचे पुंजके यायचे आणि खाज इतकी, की फोड दिसण्यापूर्वीच मी ते फोडलेले असत. खरजेचे औषध घरातल्या सगळ्यांनी तीनदा घेतले. बायॉप्सी एकदा झाली, तीही चट्ट्याच्या मधोमध, आणि तिच्यातून काही निष्पन्न झाले नाही. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी चट्ट्याच्या शेजारची चांगली दिसणारी त्वचा घेतली, विशेष प्रकाशाखाली तपासली आणि त्वचेच्या आतल्या थराच्या वरच्या टोकांशी आयजीए या प्रकारच्या प्रतिपिंडांचे कण जमलेले दिसले. आजाराचे नाव डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. नावात हर्पिस असले तरी त्या विषाणूशी याचा काहीही संबंध नाही. १८८४ साली डूरिंग यांनी फोडांच्या पुंजक्यांवरून ते नाव दिले.

मूळ कारण निघाले सीलिएक आजार, म्हणजे गव्हा-जवातील ग्लूटेनमुळे आतड्यात पेटणारा स्वयंप्रतिकार. पोटाची तक्रार मला कधीच नव्हती. डॅप्सोनच्या गोळीने खाज तीन दिवसांत थांबली, पण ती गोळी आतड्याला काही करत नाही. खरा उपचार ग्लूटेन पूर्ण बंद करणे हाच आहे. त्याचा परिणाम त्वचेवर दिसायला मला दीड वर्ष लागले. डॅप्सोन सुरू करण्यापूर्वी रक्तातील जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) तपासणी केली होती, कारण त्या विकराचा अभाव असेल तर या गोळीने रक्तपेशी फुटतात.

अबोली :

मग भाचीच्या सोरायसिससाठीही ग्लूटेन बंद करून पाहावे का? घरात तसा विचार चालू आहे.

वैद्यलेखणी :

आत्ता नको. सीलिएक आजाराची शंका असेल तर आधी रक्तातील प्रतिपिंडे तपासून घ्या. खाणे आधी बंद केले तर प्रतिपिंडे कमी होतात, आतडे सावरू लागते आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येते. मग आजार होता की नव्हता हे पुढे कळत नाही. तपासणी निगेटिव्ह आली तर वाढत्या वयाच्या मुलीचे ताट निष्कारण अपुरे करू नका.

सावलीचे_झाड :

एक गोष्ट लिहायची राहू नये म्हणून लिहिते. माझ्या वडिलांच्या वरच्या पापण्या जांभळट दिसू लागल्या आणि बोटांच्या पेरांवर उंचवटे आले. झोप कमी असेल, असे आम्ही म्हणालो. मग ते खुर्चीवरून उठताना हात टेकू लागले. डोक्यावरून सदरा काढताना त्यांचे हात वर जाईनात. म्हातारपण असेल, असे आम्ही म्हणालो. तो डर्मटोमायोसायटिस, म्हणजे त्वचा आणि स्नायू दोन्हींचा दाह होणारा स्वयंप्रतिकार विकार होता. डॉक्टरांनी स्नायूंच्या तपासण्यांबरोबर कर्करोगाचा शोधही घेतला, कारण प्रौढ वयात या आजाराच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीनेक वर्षांत कर्करोग सापडण्याचे प्रमाण बरेच वाढलेले असते. वडिलांच्या आतड्यात तो सापडला. लवकरचा होता. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर स्नायूंची ताकदही परत येऊ लागली.

पापणीचा रंग आणि खुर्चीवरून उठताना लागणारा हात, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर थांबू नका.

वैद्यलेखणी :

याला एक जोड देतो. याच आजाराच्या एका प्रकारात स्नायू जवळजवळ निरोगी असतात, पण एमडीए-५ या घटकाविरुद्धची प्रतिपिंडे असतात आणि फुप्फुसांचा दाह झपाट्याने वाढू शकतो. त्वचेवर असे बदल असताना नवा कोरडा खोकला किंवा धाप लागणे ही तातडीची बाब समजावी.

पाणवठा :

औषधांबद्दल रुग्ण म्हणून दोन शब्द. मेथोट्रेक्सेट त्वचा आणि सांधे दोन्हींसाठी देतात, आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. मी वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतो. गर्भधारणेचा विचार असेल तर ते चालत नाही, आधीच सांगावे लागते. पुढे मला टीएनएफ हा दाह वाढवणारा रेणू रोखणारे इंजेक्शन सुरू झाले. त्याआधी क्षयरोगाची तपासणी केली, कारण शरीरात दबून राहिलेला क्षय या औषधाने उठू शकतो. जिवंत जंतूंच्या लसी त्या काळात घेता येत नाहीत.

आणि सोरायसिस झटपट जावा म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्या थांबवल्यावर सोरायसिस उसळून येतो, कधी अंगभर पुवाने भरलेले फोड येतात. माझ्या ओळखीच्या एकांना त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले.

रानवारा :

ल्युपससाठी मी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेते. त्याची मात्रा वजनाप्रमाणे, दर किलोला रोज ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. दीर्घकाळ घेतल्याने डोळ्यातील पडद्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून सुरू केल्यावर पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासायचे असतात. भीतीपोटी हे औषध मी एकदा स्वतःहून सोडले होते. चार महिन्यांत आजार उसळला. पुन्हा असे करणार नाही.

अबोली :

कोड आणि चाई यांबद्दल कोणी लिहिले नाही.

वैद्यलेखणी :

दोन्ही स्वयंप्रतिकार विकार आहेत. कोडात रंग तयार करणाऱ्या पेशींवर, चाईत केसांच्या मुळांवर हल्ला होतो. दोन्हींच्या जोडीला थायरॉइडचा विकार अधिक आढळतो, म्हणून तेवढी एक तपासणी करून घ्यावी.

शिशिरा :

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. सर्वांचे प्रतिसाद मी छापून घेऊन गेले होते.

संधिवाततज्ज्ञांनी टाचेची सोनोग्राफी केली. पोटरीचा स्नायुबंध जेथे हाडाला चिकटतो तेथे सूज आणि वाढलेला रक्तप्रवाह दिसला. नखांचे खळगे, अकरा वर्षांचा सोरायसिस, निगेटिव्ह ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, हे सगळे एकत्र ठेवून सोरायसिसचा संधिवात असे निदान झाले. सोरायसिस असलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना तो होऊ शकतो आणि बहुतेकांत त्वचेचा आजार आधी, सांध्यांचा साधारण दहा वर्षांनी येतो, असे त्या म्हणाल्या. माझे अकरावे वर्ष आहे. रक्ताची एकही तपासणी अशी नाही की जिने हे ठरले असते. त्यांनी सर्वांत जास्त वेळ प्रश्न विचारण्यात घालवला : सकाळचा आखडलेपणा किती मिनिटे, विश्रांतीने कमी की जास्त, रात्री पाठदुखीने जाग येते का, शौचाच्या तक्रारी आहेत का. मागच्या अकरा वर्षांत यांतले बरेचसे कोणी विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. औषध सुरू झाले आहे. सांधे अद्याप शाबूत आहेत.

मोरपीस यांच्या सांगण्याप्रमाणे चट्ट्यावरून बोट फिरवून पाहते. कोपरावरचा आता सपाट झाला आहे.

पाणवठा :

फार बरे वाटले. डोळ्यांबद्दल त्यांनी विचारले का? एक डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना आणि अंधुक दिसू लागले, तर डोळे आले असे समजून घरी थांबायचे नाही. याच आजारात डोळ्याच्या आतला मधला थर सुजू शकतो आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे लागते.

शिशिरा :

विचारले नव्हते. डोळा ठीक आहे. तरी माझ्या कागदावर टाचेच्या खाली ते लिहून घेतले आहे, आणि पुढच्या भेटीत त्वचेच्या डॉक्टरांनाही सांगेन.